किटलीवरची टोपी

मंगळवारी आणि शुक्रवारी
केव्हन मौरच्या चढावर माझी गाडी पहिल्या गिअरमध्ये कण्हते.
सतरा नंबर. लाल विटांचं घर. इथे सगळंच लाल विटांचं,
अख्खी टेकडी भाजून काढलीय माणसांनी.
केरिद्वेन बेलिस, वय ब्याऐंशी, डाव्या पायाला जखम,
भरत नाही, चिघळतही नाही.
मी पट्टी सोडते. ती बापाचं सांगते.

चहा गरम राहावा म्हणून किटलीवर असते
ती टोपी. वर्षभर मी तिला टोपीच समजत नव्हते.
विटकी हिरवी मखमल, चांदीच्या जरीचे तीन-चार टाके,
गोंडा कधीच गळलेला.
"देशाकडून खेळल्याची आहे," ती एकदा सहज म्हणाली.
"तीन होत्या. दोन उंदरांनी नेल्या."

गोमेर बेलिस. डावा हाफ-बॅक.
बाराव्या वर्षी वीटभट्टीच्या खाणीत,
चिखल तुडवायला, अनवाणी.
पाय तिथेच घडले.
बाप चॅपेलमध्ये डीकन. तो म्हणे,
चेंडू म्हणजे सैतानाचं डोकं.
दर शनिवारी मुलगा त्याच डोक्याला लाथा घाली,
म्हणजे खरं तर पुण्याचंच काम,
पण बापाला विनोद चालत नसे.

मग लँकेशायरचा क्लब आला.
आला म्हणजे एक माणूस आला, छत्रीवाला,
आणि आईच्या टेबलावर त्याने दहा सोन्याची नाणी मांडली.
आईने प्रत्येक नाणं दाताने चावून पाहिलं,
मग मुलाला सोडलं.
आठवड्याला चार पौंड.
भट्टीत तेवढ्याला महिना लागे.

पहिलं बोलावणं रेक्सॅमला, स्कॉटलंडशी. गारा पडत होत्या.
त्या सामन्याचं तो एवढंच सांगायचा. गारा.
दुसरं बेलफास्टला. रात्रभर बोटीत ओकला,
दुपारी रेषेबाहेर निघालेला चेंडू
आडवा पडून आत ओढला, पुढे सरकवला,
गोल दुसऱ्याने केला.
पेपरात त्याचं नाव 'बेलिंग्ज' असं छापून आलं.
परतीच्या गाडीत कमिटी पहिल्या वर्गात,
अकरा जण तिसऱ्यात,
आणि अकरा जणांत घोंगड्या चार.

तिसरं इंग्लंडशी.
क्लब म्हणाला, जाऊ नकोस. हा गेला.
विसाव्या मिनिटाला गुडघ्यातून आवाज आला,
ओली फांदी मोडावी तसा.
बादलीतलं गार पाणी, स्पंज,
आणि उरलेला वेळ कडेला उभं राहून
एका पायावर. बदली खेळाडू तेव्हा नसत.

क्लबने लिहिलं : तुम्ही देशासाठी पडलात, खर्च देशाकडे मागा.
कमिटीने लिहिलं : तुम्ही क्लबचे नोकर.
क्लबने पुन्हा लिहिलं. कमिटीने पुन्हा.
टोलवाटोलवी हा शब्द मी तिला शिकवला.
तिला फार आवडला. चुकीचा म्हणते,
पण चुलीजवळच्या मांजरालाही त्याच नावाने हाक मारते.

जून महिन्यात टोपी आली, टपालाने.
तिकीट कमी लावलेलं.
उरलेले दोन पेन्स गोमेरने पोस्टमनला दिले,
त्या आठवड्यात घरात होते त्यांतले.

पुढे चाळीस वर्षं तो भट्टीतच,
ओल्या विटेवर कंपनीचं नाव उमटवायला.
बसून करायचं काम.

काल मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत
एखाद्याला टोपी घातली म्हणजे फसवलं.
ती इतकी हसली की पाय हलला, पट्टी निसटली.
"म्हणजे तुमच्याकडेही कमिटी होती!"
होती तर. मला मिरजेहून बोलावलं तेव्हा
कागदावर 'सिस्टर' लिहिलं होतं.
तो कागद अजून आहे माझ्याकडे.

पट्टी पुन्हा बांधली. घट्ट नाही ना, विचारलं.
तिने टोपी उचलली, कप भरले,
टोपी पुन्हा किटलीवर दाबून बसवली, कानापर्यंत,
शाळेत जाणाऱ्या पोराला घालतात तशी.
बाहेर धुकं होतं. पुढची भेट साडेदहाची.
चहा अजून चटका देत होता.